पाण्याखालची लदेणी

दिवाळीच्या आदल्या दिवशी दुपारी धावजी रजेवर घरी आला, आणि पत्र्याची पेटी डोक्यावरून उतरवायच्या आधीच आईला म्हणाला, "याडी, म्या ते बोट पाह्यली."

बसंतीबाई लापसीसाठी गहू भरडत बसली होती. जात्याचा खुंटा तिच्या हातातच राहिला. कोणती बोट, असं तिनं विचारलं नाही. त्या घरात बोट एकच होती.

धावजी फौजेत ड्रायव्हर, पोस्टिंग विशाखापट्टणमला. गोदीत सामान पोचवायला गेला तेव्हा धक्क्यावर ही गर्दी. आपल्या देशाची पहिली पाणबुडी नुकतीच आली होती. काळी, लांबलचक, पाण्याबाहेर जेमतेम पाठ दिसेल एवढीच, आणि त्या पाठीवर पांढऱ्या कपड्यातले खलाशी रांगेत उभे. पुढे एक दिवस त्यानं ती समुद्रात खाली जाताना पाहिली. होती होती, आणि दिसेनाशी झाली. पुन्हा वर आली ती पार दुसरीकडेच.

"खाली जाते? खरंच?" बसंतीबाईनं विचारलं.

"जाते, याडी. भियानं सांगतलं होतं तशीच."

तिनं हे त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलं. मग जात्यावर डोकं टेकून ती रडली, मोठ्यानं, शेजारणी धावत येतील इतकं. आणि रडून झाल्यावर तोंडावर पाणी मारून उरलेले गहू भरडायला बसली. ही बाई अशीच. रडायचं तर मनाजोगतं रडून घ्यायचं, पण काम अर्धं सोडायचं नाही.

उत्तमसिंग तिचा थोरला, धावजीचा भिया. यवतमाळच्या कापसाच्या जिनात इंजिनाला तेल द्यायचं काम करायचा. तिथून मुंबई, मुंबईहून नौदल, नौदलातून कोलंबो. लढाईचे दिवस. इंग्रजांच्या एका पाणबुडीवर इंजिनाचा माणूस कमी पडला म्हणून याला घेतलं. शेवटच्या सुट्टीत आला तेव्हा आईपाशी बसून त्यानं त्या बोटीतला एकूण एक माणूस सांगितला होता. कोण घोरतो, कोण फासे खेळतो, कोण काय खातो. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, तिथं खाली श्वास कसा घेता रे?

दुसऱ्या वर्षी पुसदच्या ठाण्यातला शिपाई येऊन लालसिंग नायकाला सांगून गेला, बोट माणसांसकट बुडाली.

आता लालसिंग म्हणजे तांड्याचा नायक आणि बसंतीबाईचा जेठ, नवऱ्याचा मोठा भाऊ. सरळ माणूस, पण एकदा डोक्यात बसलं की बसलं. त्यानं विचार केला. ज्या बोटीचं कामच रोज बुडायचं आणि रोज वर यायचं, ती बुडाली म्हणून रडायचं कसं? आज नाही तर उद्या वर येईल. त्यानं रडायला मनाई केली. हे त्यानं प्रेमापोटी केलं, आणि बसंतीबाईलाही ते पटलं, कारण तिला पटवूनच घ्यायचं होतं. लढाई संपेपर्यंत ती वाट पाहत राहिली. लढाई संपली, बोट काही वर आली नाही.

मग हिरासिंग कारभाऱ्यानं तोंड उघडलं. हा नायकाचा उजवा हात, आणि जीभ म्हणाल तर कात्री. म्हणाला, अशी बोट जगात असतेच कुठं? पोरगा पळाला. कोलंबोत एखादी बाई ठेवून मजेत असंल. झालं. तांड्यात कोणी थाप मारली की लोक म्हणू लागले, ही उत्तमसिंगची बोट. बसंतीबाईचा नवरा रामधन हे ऐकत ऐकतच मेला.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे धबुकार. दिवाळीला निखाऱ्यांवर तूप आणि लापसीचा घास घालायचा आणि घरच्या मेलेल्यांची नावं घेऊन त्यांना जेवायला बोलवायचं, हा तांड्याचा नेम. जिवंत माणसाचं नाव तिथं घेत नाहीत, पळपुट्याचं तर नाहीच नाही. चोवीस वर्षं रामधनच्या घरच्या आगीत सगळ्या पूर्वजांचे घास पडले. उत्तमसिंग उपाशी राहिला.

त्या दिवशी संध्याकाळी नायकाच्या अंगणात बैठक बसली. धावजी फौजेचा गणवेश घालूनच उभा राहिला आणि पाहिलं ते सगळं सांगितलं. हिरासिंगनं आडवेतिडवे सवाल केले. खाली गेल्यावर तिच्यात पाणी काहून शिरत नाही? वरचं झाकण घट्ट बसते, मोठ्याबा. मग आतल्याइले दिसते कसं? एक नळी असते, तिच्यातून पाहतात. मग हिरासिंगनं बिडी पेटवली. बायांमध्ये कोणीतरी डोळे पुसले.

लालसिंगनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "उद्या उत्तमसिंगचं नाव आगीत पडंल. बैठक उठली."

पण बैठक उठली नाही. बायांच्या घोळक्यातून बसंतीबाई उभी राहिली होती.

आता इथं एक अडचण होती. जेठाशी भावजयीनं बोलायचं नाही, हा रिवाज. अठ्ठेचाळीस वर्षांत बसंतीबाईनं लालसिंगपुढं कधी तोंडावरची ओढणी वर केली नव्हती, की थेट एक शब्द बोलली नव्हती. बोलायचं ते जेठाणीमार्फत. म्हणून तिनं ओढणी हनुवटीपर्यंत ओढली आणि शेजारी बसलेल्या हंसाबाईला, लालसिंगच्या बायकोला, म्हणाली, "बाई, नायकाले सांग. माह्या एकट्या पोराचं नाव मी घेऊ देत नाही. घ्यायचं तर पुऱ्या बोटीचं."

हे सगळ्यांनी ऐकलं होतं. लालसिंगनंही. तरी हंसाबाईनं रिवाजाप्रमाणं नवऱ्याकडं तोंड करून ते पुन्हा सांगितलं.

"तिले विचार, पुरी बोट म्हणजे काय?" लालसिंग बायकोला म्हणाला.

बसंतीबाईनं काय ते सांगितलं. आपले आजे-पणजे बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूख फिरायचे. त्या लदेणीत वाटेवर माणसं मरायची, कधी पुरात, कधी पटकीनं. एका लदेणीत एकदम गेले त्यांना एकदमच जेवू घालायचं, एकाला वाढून दुसऱ्याला उपाशी ठेवायचं नाही, हा आपला कायदा. आणि लदेणीत ज्याची त्याची चूल वेगळी, म्हणून घासही वेगवेगळ्या घरांनी घालायचे. माझा पोरगा ज्या लदेणीत गेला ती पाण्याखालून चालत होती, एवढाच फरक. बोटीवर माणसं होती पन्नासच्या आसपास. तांड्यात घरं तेवढीच आहेत.

अंगणात कुजबूज सुरू झाली. लालसिंगचा आवाज चढला.

"तिले सांग, ते इंग्रज होते. त्याइनं रेल्वे आणली अन् आपले बैल बसवले. आपली लदेणी कोणं मोडली? आपल्या माणसाइले चोर म्हणून ठाण्यात कोणं उभं केलं? माह्या बापानं रोज हजेरी देली. त्याइले आता आपल्या आगीतून घास घालू?"

बोलणं खोटं नव्हतं. म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. हजेरीला जाणारा तो बाप म्हणजे बसंतीबाईचा सासराच, तिला सगळं ठाऊक होतं.

"बाई, सांग. हजेरी घेणारा त्या बोटीत नोता. रेल्वे आणणारा बी नोता. त्या बोटीत पोट्टे होते. माह्या उत्तमचा ताप उतरेना तं रात्रभर त्याच्या उशाशी बसले, असं तो सांगे."

हंसाबाईनं नवऱ्याकडं तोंड केलं आणि हे सांगितलं. पण तेवढ्यावर ती थांबली नाही. म्हणाली, "अन् लदेणीत आपण जात विचारत होतो काय? तुमच्याच आज्याच्या लदेणीत एक मुसलमान नालवाला पटकीनं मेला. त्याचा घास आपल्याच घरून पडते ना दरसाल? माह्याच हातानं लापसी होते त्याची."

बसंतीबाईनं ओढणीआडून जेठाणीकडं पाहिलं. हे तिनं सांगायला सांगितलं नव्हतं.

"हे ती म्हणते का तू?" लालसिंगनं विचारलं.

"म्हणलं गेलं, बस," हंसाबाई म्हणाली.

पुरुषांपैकी कोणीतरी हसलं, आणि तिथंच काम बिघडलं. नायकाला सगळं चालेल, अंगणात हसणं चालणार नाही. तो उठला. म्हणाला, ज्याला घालायचे त्यानं घास घालावेत, नायकाच्या घरून कोणी येणार नाही. आणि आत निघून गेला. नायक नाही म्हटल्यावर बाकी घरांनी काय करायचं, हे सांगायला नको. लोक गपगुमान पांगले.

घरी आल्यावर धावजीनं आईला समजावून पाहिलं. नायकानं भियाचं नाव कबूल केलं, हेच थोडं आहे का? चोवीस वर्षांचा कलंक गेला. उद्या आपल्यापुरतं उत्तमसिंगचं नाव घेऊन मोकळं होऊ. बसंतीबाईनं त्याला जेवायला वाढलं आणि म्हणाली, "तू फौजेत हायेस. तुह्या संगाच्या माणसाइले सोडून तू एकटा पंगतीले बसशीन?"

धावजी भाकरी मोडता मोडता थांबला. नाही बसणार, म्हणाला.

"मंग तुहा भाऊ बी बसणार नाही. नाव घेतलं तरी घास तसाच राहीन."

म्हणजे गोष्ट अशी अडली होती. तांडा आला तर पोराला घास. तांडा आला नाही तर पंचविसावं वर्षही उपाशी.

दिवाळीच्या सकाळी बसंतीबाईनं घरासमोरच्या मोकळ्या जागेत निखारे पसरवायला घेतले. एका घराला लागतील तेवढे नाही, पन्नास ढिगांचे. धावजी गोवऱ्या आणून देत होता आणि ती ओळीनं ढीग मांडत होती. लोक आपापल्या दारातून बघत होते. काही जणी म्हणाल्या, बुढीचं डोकं फिरलं. तिनं ऐकलं आणि एक ढीग जास्तच मांडला.

सगळ्यात आधी आली हंसाबाई. नायकाच्या घरची नायकण, हातात तुपाची वाटी, आणि मागं तिचा धाकटा मुलगा डोंगरसिंग लापसीचं पातेलं घेऊन. भर उजेडात, सगळ्यांच्या देखत चालत आली.

"घरून कोणी येणार नाही, असं ते म्हणाले होते," बसंतीबाई पुटपुटली.

"मी माह्या माहेरच्या तुपानं आली," हंसाबाई म्हणाली. "सांग, कोणाले जेवू घालू?"

आता खरी पंचाईत. नावं कोणाला माहीत होती? उत्तमसिंगनं नावं सांगितली होती, पण ती इंग्रजी नावं बसंतीबाईच्या कानात टिकली नव्हती. टिकली होती ती माणसं. तिनं क्षणभर डोळे मिटले आणि पोराचा आवाज आठवला.

"तू सैपाक्याले घे," ती म्हणाली. "उत्तमले तिखट पायजे म्हणून त्यानं कोलंबोच्या बाजारातून मिरच्या आणल्या. स्वतः एक खाऊन पाह्यली अन् दिवसभर रडला."

हंसाबाई खळखळून हसली, आणि तिचं हसू ऐकून पलीकडच्या घरची मानीबाई बाहेर आली. मग तिची जाऊ. नायकण बसली म्हटल्यावर बायांना कोण अडवणार? अर्ध्या तासात मोकळ्या जागेत पाय ठेवायला जागा उरली नाही. बसंतीबाई मधोमध उभी राहून माणसं वाटत होती. चाक धरणारा तुम्ही घ्या. लाल दाढीचा तुमच्याकडं, त्याला गोड आवडे, लापसी जास्त घाला. हा फाशात नेहमी हरायचा. हा झोपेत गाणं म्हणायचा. हा तारायंत्रावर बसायचा, हा रोज आईचं नाव घ्यायचा. ज्याला ज्याला माणूस मिळाला तो आपल्या ढिगापाशी जाऊन बसला, आणि बायका एकमेकींना विचारू लागल्या, तुझ्याकडं कोण, माझ्याकडं कोण. पाव्हणे घरी उतरल्यासारखी गडबड उडाली.

शेवटी हिरासिंग कारभारी आला. मान खाली. बिडी कानावर.

बसंतीबाईनं त्याच्याकडं पाहिलं. राग आला, नाही असं नाही. या माणसाच्या जिभेनं तिचा नवरा झुरून गेला होता. पण त्याच्या हातात पातेलं होतं, आणि पातेलं आपल्या घरून उचलून आणणं त्याला किती जड गेलं असेल, हेही तिला दिसलं.

"त्या बोटीत एक जण कानाले यंत्र लावून बसे," ती म्हणाली. "दूरचं जहाज कुठं कुजबुजते, ते बरोबर ऐके. तो तुमच्याकडं, कारभारी. तुमच्याइतका कान तांड्यात कोणाचा हाये?"

सगळा तांडा हसला. हिरासिंगही हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. त्यानं ते लपवले नाहीत.

सगळे ढीग भरले. एक राहिला. रांगेच्या तोंडचा.

"हा कप्तानाचा," बसंतीबाई म्हणाली.

धावजी म्हणाला, याडी, मी घालतो त्याचा. हिरासिंग म्हणाला, मी दोन घालतो. बसंतीबाईनं दोघांनाही नाही म्हटलं. कप्तान म्हणजे त्या लदेणीचा नायक, आणि लदेणीचा कायदा सगळ्यांना पाठ होता. नायकाचा घास नायकच घालतो. आणि नायकाच्या तोंडात पहिला घास गेल्याशिवाय लदेणीतला कोणी जेवत नाही. सगळी बोट पानावर बसली होती, आणि पान हलत नव्हतं.

तांडा थांबला. तूप थिजू लागलं. निखाऱ्यांवर राख धरू लागली. लोकांची नजर नायकाच्या घराकडं, आणि दार बंद. हंसाबाईला उठायचं होतं, पण बसंतीबाईनं तिला हातानं खाली बसवलं आणि स्वतः निघाली.

दारापाशी ती पोचली तेव्हा निरोप सांगायला सोबत कोणी नव्हतं. तिनं ओढणी ओढली आणि दाराच्या चौकटीला हात लावला.

"चौकटी, घरातल्याले सांग," ती म्हणाली. "कप्तान उपाशी हाये."

आतून पावलं दारापर्यंत आली. मग लालसिंग बोलला, तोही चौकटीलाच. "विचार तिले, कसा होता तो?"

बसंतीबाईनं हे मनात तयार करून आणलं नव्हतं. पोरानं सांगितलेलं जसंच्या तसं तोंडात आलं. "चौकटी, सांग. बोट खाली जाताना तो सगळ्याइच्या मागून उतरे. समदी माणसं आत गेली का, ते पाहे, अन् मंग आपल्या हातानं झाकण लावे. वर आल्यावर सगळ्याइच्या आधी तोच बाहेर डोकं काढे. धोका असला तं आधी त्याले. पोट्टे त्याले बुढा म्हणत."

"बुढा? किती वयाचा?"

"तिशीच्या आतला होता."

लालसिंगच्या डोक्यावर नायकाची पगडी ठेवली तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. त्या साली पटकी आली होती, आणि मेलेल्यांना उचलायला आधी तोच जात होता. हे बसंतीबाईला माहीत होतं, कारण तिच्या सासऱ्याला, म्हणजे स्वतःच्या बापालाही, त्यानंच उचललं होतं. तिनं त्यातलं काही काढलं नाही. तिला काढायची गरज वाटली नाही.

"चौकटी, आणखी एक सांग," ती म्हणाली. "माहा उत्तम त्याच्या माणसाइत बसला हाये. नायक जेवला नाही तं तो बी जेवणार नाही. चोवीस वर्षं झाले. भूक लागली असंन त्याले."

कडी निघाली.

लालसिंग बाहेर आला तो पगडी बांधूनच. भावजयीकडं न पाहता तिच्या बाजूनं पुढं झाला. मोकळ्या जागेत आला तेव्हा सगळे उठून उभे राहिले. त्यानं हंसाबाईपुढं हात केला, आणि तिनं माहेरच्या तुपाची वाटी त्या हातात दिली. राख झटकून त्यानं निखारे फुंकले, लापसीचा घास ठेवला, वरून तूप सोडलं. जाळ भडकला.

"कप्तान," तो खणखणीत आवाजात म्हणाला. "मी लालसिंग नायक. तुहं नाव मले मालूम नाही. तुह्या माणसाइचं अन् आमचं जे काय होतं, ते आज बाजूले. तू तुह्या माणसाइले सोडून वर आला नाहीस. घे, पहिला घास तुहा."

आणि मग त्यानं हात वर केला. पन्नास घरांनी एकदम तूप सोडलं. पन्नास जाळ एकदम उठले, पन्नास तोंडांतून एकदम हाका गेल्या. सैपाक्या, ये. लाल दाढीवाल्या, ये. हिरासिंग कानाला हात लावून ओरडत होता, ऐकणाऱ्या, ये रे बाबा, ऐक. कोणी हसत होतं, कोणी रडत होतं, पोरं नाचत होती, आणि डोंगरसिंगनं नगाऱ्यावर दांडी टाकली. असा धबुकार त्या तांड्यानं कधी पाहिला नव्हता.

एकच ढीग तसाच होता, बसंतीबाईचा. धावजीनं तुपाची पळी तिरपी धरली होती. नाव आईनं घ्यायचं होतं, पण इतकी वर्षं जे नाव तिनं फक्त मनात घेतलं, ते आता तोंडातून बाहेर पडेना.

लालसिंग तिच्यासमोर येऊन उभा राहिला. मध्ये हंसाबाई नव्हती, चौकटही नव्हती.

"बसंती," तो म्हणाला. अठ्ठेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं तिला नावानं हाक मारली. "बोट खरी होती. पोरगा खरा होता. घे नाव. असं घे की पुसदच्या ठाण्यात ऐकू गेलं पायजे."

बसंतीबाईनं तोंडावरची ओढणी मागं टाकली.

"उत्तमसिंग!" ती ओरडली, आणि नगारा थांबला. "रामधनच्या लेका, उत्तमसिंग! ये, जेवाले ये. तुहे सगळे संगी घेऊन ये!"

धावजीनं तूप सोडलं.